खळबळ : शब्दातली आणि पाण्यातली



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज येथे वाईत जमलो आहोत, त्या गुरुजींनी मला पदार्थविज्ञानाचा पहिला धडा शाळेच्या वर्गात दिला नाही. तो त्यांनी येथून हाकेच्या अंतरावर, कृष्णेच्या घाटावर दिला. मार्गशीर्षातील सकाळ होती, पाणी उतरून निवळले होते, आणि ढोल्या गणपतीच्या देवळापासून थोड्या अंतरावर, पाण्यालगतच्या पायरीवर, आम्ही सात-आठ मुले त्यांच्याभोवती उकिडवी बसलो होतो. विहिरीचे पाणी शुद्ध करण्यासाठी त्या काळी पोटॅशियम परमँगनेटचे जे जांभळे खडे टाकीत, त्यांची एक पुडी गुरुजींनी कोटाच्या खिशातून काढली आणि चिमूटभर खडे पाण्याखालच्या पायरीच्या कडेला अलगद ठेवले. त्यांतून गर्द जांभळ्या रंगाची एक दोरी निघाली. वीतभर ती ताणलेल्या सुतासारखी सरळ गेली. मग तिला नागमोडी वळण पडले, वळणाचा पीळ झाला, पिळातून लहान लहान वेटोळी सुटली, आणि दोन हातांवर तर दोरी म्हणून काही उरलेच नाही, पाण्यावर नुसती फिकट जांभळी झाक राहिली. "नदी आज कशी आहे रे?" गुरुजींनी विचारले. आम्ही एका सुरात म्हणालो, "संथ." त्यावर ते म्हणाले, "मग माझी दोरी कोणी तोडली?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. कोणी म्हणाले मासा असेल, कोणी म्हणाले वारा. गुरुजींनी मान हलवली आणि पुडी मिटून खिशात ठेवली. उत्तर सांगून टाकण्याची त्यांची पद्धत नव्हती. त्यांच्या पश्चात, साठ वर्षांनी, तो प्रश्न मी आज पुन्हा हाती घेत आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू, कारण आमची चूक शब्दापासूनच सुरू झाली होती. पाण्याच्या किंवा हवेच्या ज्या अवस्थेला इंग्रजीत टर्ब्युलन्स म्हणतात, तिच्या नावाचे मूळ लॅटिन भाषेतील 'तुर्बा' या शब्दात आहे, आणि तुर्बा म्हणजे माणसांचा जमाव, गलबला. पाण्याचे वर्णन करण्यासाठी युरोपने हा शब्द माणसांच्या गर्दीकडून उसना आणला. आपल्याकडेही दोन्ही गोष्टी अशाच एकमेकींत मिसळलेल्या आहेत. बखरींत फौज 'गर्दीस मिळाली' असे येते तेव्हा तिची धूळधाण झाली असे समजायचे असते. आज लग्नाच्या आमंत्रणातून मिरवणारी 'धामधूम' जुन्या कागदपत्रांत मुलुखावर आलेल्या स्वारीची असे. दंगा, हंगामा, बंडाळी, फितूर असे शब्द लिहिणाऱ्या दप्तरातील कारकुनाच्या मनात जगाचे एक चित्र पक्के होते. मुळात सर्वत्र बंदोबस्त असतो, रयत आपापल्या जागी आणि पाणी आपल्या पात्रात असते, आणि मग कोणी तरी उपद्व्यापी बाहेरून येऊन ती घडी विस्कटून टाकतो. वर्तमानपत्रांतील आपली 'खळबळ' याच कुळातील आहे. ती नेहमी 'उडते', आणि ती उडवून देणाऱ्या कोणाचा तरी शोध लगोलग सुरू होतो. आम्हा मुलांनी मासा आणि वारा शोधला तो याच न्यायाने.

परंतु या शब्दाचे दुसरे एक जुने घर आहे, आणि ते स्वयंपाकघरात आहे. माझी आई तांब्या घासून झाला की म्हणे, "नुसतं पाणी ओतून टाकू नकोस, खळबळून घे." ओतलेले पाणी भांड्याच्या अंगावरून सरकून निघून जाते आणि तळाच्या कंगोऱ्यातील राख जागच्या जागी राहते, तेच पाणी हाताने हिसका देऊन फिरवले की ते गरगरते, उलटते, स्वतःवरच आदळते, काठावरचे पाणी मध्यावर आणि मध्यावरचे काठावर येते, आणि राखेचा शेवटचा कणही घेऊन बाहेर पडते. नदीवर धुणे खळबळून काढतात तेही असेच. येथे खळबळ हा कोणाचा अपराध नाही. ते स्वच्छतेचे साधन आहे. या गावाला पाणिनी नवा नाही, म्हणून संस्कृतचाही एक दाखला देतो. अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायात एक सूत्र आहे, ७.२.१८, आणि त्यात 'क्षुब्ध' हे रूप 'मंथ' या अर्थी सिद्ध म्हणून दिले आहे. मंथ म्हणजे रवी किंवा घुसळून केलेले पेय. रागावलेल्या मनुष्याला आपण क्षुब्ध म्हणतो, पण व्याकरणाच्या नोंदवहीत हा शब्द ताकाच्या डेऱ्याजवळ बसलेला आहे. सांख्यांच्या विचारात तर तिन्ही गुण साम्यावस्थेत असतात तोवर सृष्टीच होत नाही, आणि त्या विचाराचा आधार घेणारी पुराणे सृष्टीचा आरंभ गुणांच्या क्षोभापासून सांगतात.

गेल्या दीडशे वर्षांत शास्त्रज्ञांनी पाण्याला आणि हवेला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे वर्तमानपत्रातील खळबळीच्या बाजूने नसून तांब्यातील खळबळीच्या बाजूने आली आहेत, असे माझे प्रतिपादन आहे.

गुरुजींनी घाटावर केलेला प्रयोग ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या इंग्रज अभियंत्याने मँचेस्टर येथे केला आणि त्याचा वृत्तांत १८८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. पाण्याने भरलेल्या टाकीत त्याने सुमारे इंचभर, अर्धा इंच आणि पाव इंच व्यासाच्या काचेच्या नळ्या आडव्या बसविल्या. पाण्याला आत शिरताना ठेच लागू नये म्हणून त्यांच्या तोंडाशी कर्ण्याच्या आकाराची गुळगुळीत मुखे लावली. आणि नळीच्या मध्यातून रंगीत पाण्याची एक बारीक धार सोडली. तोटी थोडी उघडली असता ती धार नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघेसारखी सरळ जाई. वेग वाढवीत नेला की एका मर्यादेनंतर, तोंडापासून काही अंतरावर, ती एकाएकी फुटे आणि पुढची सारी नळी रंगाने भरून जाई. येथवर कोणीही पाहिले असते. रेनॉल्ड्सने आणखी एक गोष्ट केली, आणि मला तीच या सर्व कथेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ती रंगाने माखलेली नळी त्याने विजेच्या ठिणगीच्या क्षणमात्र उजेडात पाहिली. नुसत्या डोळ्यांना जो एकजीव झालेला रंग दिसत होता, त्याच्या जागी त्या निमिषभराच्या प्रकाशात स्पष्ट वेटोळी दिसली, भोवरे दिसले, रेखीव वळणे दिसली. पाण्याने आकार टाकून दिला नव्हता. आपली दृष्टी त्याच्या मानाने मंद होती, इतकेच.

मग ती मर्यादा कशाने ठरते? पाण्याच्या अंगी दोन प्रवृत्ती एकाच वेळी नांदत असतात. चालू असलेली गती तशीच पुढे रेटण्याची एक, तिला जडत्व म्हणतात. आणि शेजारच्या थराला धरून ठेवण्याची, त्याच्याशी बरोबरी साधण्याची दुसरी, तिला शास्त्रात श्यानता आणि घरात चिकटपणा म्हणतात. मधात दुसरी प्रबळ, म्हणून मधाची धार काचेसारखी उतरते. पाण्यात पहिली प्रबळ. वेगाला प्रवाहाच्या रुंदीने गुणून त्या गुणाकारास श्यानतेने भागले म्हणजे या दोन प्रवृत्तींचे प्रमाण सांगणारी एक संख्या मिळते, आणि ती आज रेनॉल्ड्सच्या नावाने ओळखली जाते. नळीतील प्रवाहासाठी ती सुमारे दोन हजारांच्या आत असेल, तर कितीही हिसके द्या, श्यानता ते जिरवून टाकते आणि धार पुन्हा सरळ होते. आपल्या घरच्या इंचभर रुंदीच्या नळात ही मर्यादा गाठायला पाण्याचा वेग सेकंदाला आठ सेंटिमीटर पुरतो. आणि कृष्णा? मीटरभर खोल आणि सेकंदाला अर्धा मीटर जाणारे तिचे हिवाळ्यातील पाणी घेतले, तर ही संख्या पाच लाखांवर जाते.

याचा अर्थ असा की आम्ही मुलांनी दिलेले उत्तर भाषेच्या दृष्टीने बरोबर आणि शास्त्राच्या दृष्टीने साफ चूक होते. आपली भाषा आवाज ऐकते, फेस पाहते, लाट मोजते, आणि माघातल्या नदीला संथ व श्रावणातल्या नदीला खवळलेली म्हणते. प्रमाणाच्या हिशेबाने पाहिले तर दोन्ही नद्या संक्षुब्धच, म्हणजे खळबळत्याच, आहेत. आणि केवळ संथ अशी नदी या पृथ्वीच्या पाठीवर शोधायचीच झाली, तर हिमालयातील हिमनद्यांकडे जावे लागेल.

आता, तोडली कोणी, या प्रश्नाकडे येऊ. रेनॉल्ड्सने टाकीतील पाणी पुरते स्थिर होऊ दिले आणि कोठेही धक्का लागणार नाही अशी तजवीज केली, तेव्हा ती सरळ धार तेरा हजारांच्या आसपासच्या संख्येपर्यंत अभंग राहिली. पुढे त्याच उपकरणावर तोच प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना तेथवर पोहोचणे जड गेले, कारण मँचेस्टरच्या रस्त्यांवरून आता मोटारींची वर्दळ होती आणि तिची सूक्ष्म कंपने टाकीपर्यंत येत होती. वरवर पाहता येथे गुन्हेगार सापडला असे वाटते. पण थोडा विचार करा. तीच कंपने दोन हजारांच्या खालच्या प्रवाहाला काहीही करू शकत नाहीत. म्हणजे रस्त्यावरची मोटार ही निमित्त झाली. प्रवाह फुटण्याची सिद्धता त्याच्या स्वतःच्या वेगात आणि स्वतःच्या चिकटपणात आधीपासून होती. ही मोटार नसती तर दुसरे काही झाले असते, नळीच्या काचेवरचा एखादा ओरखडा, टाकीतील पाण्याच्या उष्णतेतील किंचित फरक. माझी दोरी कोणी तोडली, याचे उत्तर 'कोणीही नाही' हे आहे, आणि ते उत्तर बारा वर्षांच्या मुलाला पटणे कठीण असते. मोठ्यांनाही ते सहज पटते असा माझा अनुभव नाही.

येथे मला एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. या निष्कर्षावरून समाजातील दंग्याधोप्यांविषयी घाईने सिद्धांत काढणारे विद्वान मी ऐकले आहेत. माणसे म्हणजे पाण्याचे थर नव्हेत. त्यांना इच्छा असतात, आणि अपराधही असतात. भाषेने माणसांचा शब्द पाण्याला दिला, त्याची परतफेड म्हणून पाण्याचे गणित माणसांना लावावे असा करार कोठे झालेला नाही.

तेव्हा माणसांना सोडून पुन्हा पाण्याकडे, घाटाकडे वळू. ढोल्या गणपतीच्या देवळाची पाठीमागची भिंत आपण सर्वांनी पाहिली आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधविलेल्या या देवळाची ती बाजू सपाट नाही, मत्स्याकार आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळू नये, दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. प्रवाहात उभ्या राहिलेल्या सपाट तोंडाच्या बांधकामापाशी भोवरे होतात आणि ते पायाखालची माती उकरून काढतात, हे त्या गवंड्यांना सूत्रांवाचून ठाऊक होते. मी लहानपणी त्या भिंतीला हात लावून पाहिला आहे. निमुळत्या होत गेलेल्या त्या काळ्या दगडांना नांगराच्या फाळासारखी धार आहे आणि त्यांच्या सांध्यांत पुराचा बारीक गाळ बसलेला असतो.

भोवऱ्यांच्या आत काय चालते, ते सांगण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत लुइस फ्राय रिचर्डसन यांचे नाव मी आदराने घेतो. हे गृहस्थ क्वेकर पंथाचे, युद्धाला तत्त्वतः विरोध करणारे. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये रुग्णवाहक पथकात होते, आणि जखमींची ने-आण करता करता उरलेल्या वेळात हवामानाचे भाकीत केवळ आकडेमोडीने करता येईल काय, याचा हिशेब मांडीत होते. तो हिशेब साफ चुकला, आणि १९२२ साली काढलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती चूक जशीच्या तशी छापली. असा प्रामाणिकपणा मी शास्त्राच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. त्यांनी मांडलेली कल्पना मराठी मनुष्याला एका शब्दात सांगता येते: उतरंड. मोठा भोवरा आपली शक्ती स्वतः खर्च करीत नाही. तो मोडतो तेव्हा ती त्याच्याहून लहान भोवऱ्यांच्या हवाली करतो, ते आणखी लहानांच्या, आणि असे होत होत अगदी तळाशी, जेथे भोवरे मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान होतात, तेथे चिकटपणाचे राज्य सुरू होते आणि सारी जमा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. नदीच्या उताराने दिलेली शक्ती अखेर पाणी किंचित कोमट करण्यात जाते. उतारवयात, १९४८ साली, रिचर्डसन आणि अमेरिकेचे हेन्री स्टॉमेल यांनी स्कॉटलंडमधील एका खाडीत पार्सनिप नावाच्या, गाजराच्या जातीच्या कंदाचे तुकडे सोडले आणि दोन दोन तुकडे एकमेकांपासून किती लवकर दुरावतात ते मोजले. कंद निवडला तो अशासाठी की तो पाण्याच्या पृष्ठभागाशी जेमतेम बुडून तरंगतो, डोळ्यांना दिसतो आणि वाऱ्याच्या हाती सापडत नाही. ज्या प्रश्नापुढे गणिती थबकले होते, त्याला हात घालण्यासाठी या माणसाने बाजारातली भाजी आणली, हे मला फार मोलाचे वाटते.

या उतरंडीचा नियम १९४१ साली रशियाच्या आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी सांगितला. खळबळत्या प्रवाहातील कोणतेही दोन बिंदू घ्या. त्यांच्या वेगांत किती फरक असेल हे एका क्षणापुरते कोणी सांगू शकत नाही. परंतु त्या फरकाच्या वर्गाची सरासरी काढली तर ती अंतराच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे वाढते: अंतर आठपट झाले की सरासरी चौपट. अतिलहान आणि अतिमोठी अंतरे वगळली, तर हा नियम नळाला लागतो, समुद्राच्या भरती-प्रवाहाला लागतो, आकाशातील वाऱ्याला लागतो. ज्याला आपण बेबंदशाही समजत होतो, तिच्यात असा कायदा निघाला.

आणि ही खळबळ नसती तर? देवघरात उदबत्ती लावली की तिचा वास घटकाभरात ओसरीवर येतो. हवा पूर्ण निश्चल असती आणि केवळ रेणूंच्या आपापल्या धडपडीने तो वास पसरायचा असता, तर पाच मीटर जायला पंधरवडा तरी लागला असता. चहात घातलेली साखर न ढवळता साऱ्या पेल्यात सारखी व्हायला, पाणी खरोखर स्थिर राहिले तर, महिना-दोन महिने पुरले नसते. समुद्रावरची वाफ वर जाऊन तिचे ढग होणे, तापलेल्या रानाची उष्णता आकाशात विरणे, चुलीचा धूर वस्तीवर साचून न राहणे, हे सारे हवेच्या खळबळण्यावर चालले आहे. तांब्यातले पाणी जे काम राखेचे करते, तेच काम वातावरण आपल्या श्वासाचे करते.

हवेची ही खळबळ झोपी गेली की काय होते, हेही आपल्याच मुलखात पाहिले गेले. पुण्याच्या वेधशाळेत काम करणारे डॉ. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ साली असे नोंदले की थंडीतल्या निरभ्र, निर्वात रात्री सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून नसते, तर जमिनीच्या काही वीत वर असते. पुस्तकी समजूत याच्या उलट होती. जड, गार हवा वर आणि तिच्याखाली ऊबदार हवा अशी रचना टिकेलच कशी, म्हणून परदेशी तज्ज्ञांनी प्रथम त्या नोंदीवर विश्वास ठेवला नाही. नोंद खरी होती. बंगळूरचे रोद्दम नरसिंह आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या काळात उष्णतेच्या प्रारणाच्या आधारे तिची उपपत्ती मांडली, आणि शास्त्रात तो थर आज रामदासांच्या नावाने ओळखला जातो. वाऱ्याची जराशी झुळूक आली, खळबळ जागी झाली, की तो थर मोडतो. निफाडकडचे द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, तेव्हा ते नुसती ऊब देत नसतात. निजलेली हवा हालवून उठवीत असतात.

इतके कळूनही मूळ प्रश्न सुटलेला नाही, हे मी लपवून ठेवणार नाही. प्रवाहाची समीकरणे फ्रान्सच्या नाव्हिए यांनी १८२२ मध्ये व इंग्लंडच्या स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडली. त्यांची उत्तरे तिन्ही मितींत सदैव सुरळीत राहतात काय, हे सिद्ध करणाऱ्यास अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले. ते आजवर कोणालाही मिळालेले नाही. रेनॉल्ड्सनेच १८९५ मध्ये दाखविले होते की या समीकरणांची सरासरी काढू गेले की एक नवे अज्ञात पद उभे राहते, त्याच्यासाठी समीकरण मांडावे तर आणखी एक; वहीत एक खाते बंद करायला घ्यावे आणि त्यासाठी दोन नवी खाती उघडावी लागावी, असा हा ताळेबंद आहे. विमानाला हादरे बसतात ते नेमके कोठे व केव्हा बसतील, हे अजून पुरते सांगता येत नाही ते यामुळेच.

शेवटी एक विनंती, आणि ती या गावात करावी हे योग्य आहे, कारण मराठी विश्वकोशाचे कार्यालय येथेच आहे आणि द्रव व वायू यांना मिळून 'द्रायू' असा नेटका शब्द आपण त्यातच वाचला. आपल्या शास्त्रीय ग्रंथांतून या प्रवाहाला संक्षुब्ध, प्रक्षुब्ध अशी विशेषणे लावतात. ती शुद्ध आहेत, आणि पाणिनीच्या साक्षीने ती मंथनाच्या जवळचीही आहेत. पण सातवीतल्या मुलाला क्षुब्ध म्हटले की रागावलेले मुख्याध्यापक आठवतात. म्हणून शालेय पुस्तकांत त्या शब्दाशेजारी 'खळबळता प्रवाह' हाही शब्द छापावा, आणि त्याच पानावर तांब्या, थोडी राख आणि पाणी घेऊन करावयाचा प्रयोग द्यावा. परमँगनेटचे खडे आता सहजी मिळत नाहीत. मी काल संध्याकाळी घाटावर गेलो तेव्हा पुडीत थोडी हळद नेली होती. पायरीच्या कडेला ती पाण्यात सोडली, आणि पिवळी रेघ वीतभर सरळ गेली.